पायाळू बाईची पाठ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी न येता पाय आधी आले. यात माझी काही कर्तबगारी नाही. असलीच तर माझ्या मायची, ती त्या बाळंतपणात मरता मरता वाचली. पण नाव झालं ते माझं. पायाळू माणसाने पाठीवरून पाय फिरवला की भरलेली चमक उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. रामटेकजवळच्या आमच्या खेड्यात धानाची रोवणी लागली की दिवसभर चिखलात वाकून गावातल्या अर्ध्या बायांच्या कमरा धरलेल्या असायच्या. मला धड चालताही येत नव्हतं तेव्हापासून माय मला उचलून त्यांच्या पाठीवर उभी करायची.

त्याची एक रीत होती. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, ज्याचं दुखतं त्याने उंबऱ्याशी पालथं पडायचं. पायाळूने डावा पाय कमरेपासून मानेपर्यंत फिरवायचा आणि शेवटी एक हलकी लाथ द्यायची. मोठ्या माणसाला पाय लागला, त्याचं पाप नको, म्हणून मग लगेच वाकून त्याच्या पावलांवर कपाळ टेकायचं. आधी लाथ द्या, मग पाया पडा. लहानपणी मला त्यात मोठी गंमत वाटायची. मोठ्यांना लाथा मारायला मिळताहेत आणि वरून शाबासकी, कोणत्या पोरीला नको होईल?

माझं लग्नही यावरच ठरलं. साठचं दशक सरत आलं होतं. मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी ना स्वयंपाकाचं विचारलं ना शिवणाचं. मी मॅट्रिक झाले होते, तेही कानाआड केलं. माझे होणारे सासरे नागपूरच्या इतवारी बाजारात कापडाचे गठ्ठे उचलून उचलून कमरेने अधू झालेले. पोरगी पायाळू आहे म्हणता, ते नक्की ना, एवढी खात्री करून घेतली आणि पेढा तोंडात टाकला. मी सून म्हणून नागपूरला चालले आहे की कमरेचं औषध म्हणून, हे विचारायचं तेव्हा कोणाला सुचलं नाही, मला तर नाहीच.

सासर नंदनवन भागात होतं, तिथे तेव्हा वस्ती विरळ होती. चार घरं, मध्ये मोकळे प्लॉट, पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावं लागे. पण पायाळू सून आली ही बातमी पसरायला रस्ता लागत नाही. पहिल्याच महिन्यात रविवारी सकाळी अंगणात माणसं दिसायला लागली. कोणी नारळ ठेवी, कोणी केळी. सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि आधी कोण, नंतर कोण हे ठरवायच्या. मी पदर खोचून उंबऱ्यावर उभी. आठवडाभर घरात कोणी माझं नाव घेत नसे, पण रविवारी मी लागायची.

दुसऱ्या मुलीच्या वेळचं बाळंतपण झालं आणि माझं अंग जे धरलं ते धरलंच. आधी मान, मग खांदे, मग पाठ, मग मांड्या, पोटऱ्या, तळवे. दुखण्याला एक जागा असली की माणूस बोट ठेवून दाखवू शकतो. इथे बोटच दुखत होतं. सकाळी उठले की अंग असं, जसं एखादं जाड कापड पिळून दोरीवर टाकलं आणि तसंच पिळ्यासकट वाळलं. मुठी उघडायला वेळ लागे. चिमटा धरता येत नसे, म्हणून पोळी हातानेच उलटायची आणि भाजून घ्यायचं. वेणी घालायला हात वर नेला की खांद्यातून अशी कळ जायची की डोळ्यांपुढे अंधारी. पोरी गळ्यात पडायच्या तर मी त्यांना दूर करायची, कारण त्यांचे एवढेसे हातही सहन व्हायचे नाहीत. पोरींना वाटायचं आई रागावली. आईला दुसरं काही सांगताच येत नव्हतं.

आणि दिसायला? दिसायला मी ठणठणीत. ताप नाही, सूज नाही, लंगडणं नाही, गाल वर आलेले. ताप असता तर निदान थर्मामीटरने माझ्या बाजूने साक्ष दिली असती.

मला फार काही नको होतं. घरातल्या एका माणसाने, एकाच, म्हणावं की हिचं अंग दुखतं आणि ते खरं आहे. आणि रविवारी मला त्या उंबऱ्यावर उभं करणं बंद करावं. बस. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं तोंड वाजवलं. आज हे लिहितानाही दात आवळले जातात. दात आवळले की जबडा दुखतो, ते वेगळंच.

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, पाठीचा फोटो काढला, सगळं नॉर्मल. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. मी समोरच्या स्टुलावर बसलेली, आणि ते माझ्या डोक्यावरून नवऱ्याला सांगताहेत की मिसेस जरा नर्व्हस आहेत, त्यांना कामात गुंतवून ठेवा. कामात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळ यायच्या आधी मी उठायची. तिथून सिगडी, डबे, धुणं, सासऱ्यांचा शेक, पोरींच्या वेण्या, उन्हाळा लागला की कुरड्यांचा चीक घाटणं, तो चीक घाटताना तर खांदा उपटून येतो की काय असं व्हायचं. यात आणखी कुठे गुंतवणार होते मला? मग वैद्य झाले. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि वात आहे म्हणाले. तेल दिलं आणि रोज पाठीला चोळून लावा म्हणाले. माझी पाठ मीच कशी चोळायची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि घरी कोणी विचारलं नाही. ती बाटली मी शेवटी दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीला वापरली. दार तेवढं बरं झालं.

सासू मनाने वाईट नव्हती, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. पायाळू माणूस दुसऱ्याची चमक उतरवतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगात चमक शिरूच शकत नाही. आणि शिरू शकत नाही तर मी जे सांगते ते सोंग आहे, काम चुकवायचं सोंग. याला काय उत्तर देणार, कपाळ! एकदा मी नळावर एका शेजारणीपाशी बोलून गेले. ते त्यांच्या कानावर आलं. मला आत बोलावून दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "तुह्या दुखण्याचं कोणापाशी बोलू नको. लोक म्हणतीन, हिचा गुण गेला." म्हणजे दुखत असेल अशी शंका त्यांनाही होती. ते दुखणं बाहेर जाऊ नये एवढीच काळजी होती. सगळ्या लेआउटमध्ये, त्या नव्या वस्तीत, रविवारी सकाळी त्यांना जो मान होता तो माझ्या पायावर उभा होता, आणि तो त्यांना सोडवत नव्हता. सासरे गेले तेव्हा मला वाटलं, आता हे थांबेल. थांबलं नाही. तेराव्यानंतरच्या रविवारीच लोक आले.

आता नवरा. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर कधी म्हटलं नाही. कोराडीला वीज केंद्र सुरू झालं तेव्हा तो तिथे लागला. बसने यायचा, कपड्यांवर राख, नाकात राख, भुकेजलेला. मी ताट वाढताना सांगायची की आज मान वळतच नाही. तो हो हो म्हणायचा. कपडे भिजवताना सांगायची की बोटं मिटत नाहीत. थकली असशील म्हणायचा. रागाने सांगितलं, रडून सांगितलं, पोरींसमोर सांगितलं, त्याच्या बहिणीसमोर सांगितलं. दारू नाही, मारहाण नाही, शिवी नाही. असा नवरा मिळाला म्हणून मी देवाचे आभार मानावेत असं माझी मायसुद्धा म्हणायची. पण ज्याच्याशी भांडावं तो कानावरच घेत नाही, याचा जो संताप येतो तो मी कोणाला सांगू? मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला निदान वळ दाखवता येतात.

रविवार चालूच राहिले. आमच्या गल्लीत एक अंगाने भरलेली बाई होती. घडा उचलताना तिची चमक भरायची आणि ती कण्हत यायची. दर दोन-तीन महिन्यांनी यायचीच. एकदा तिच्या पाठीवर मी पाय ठेवला होता, ज्या पायावर मी उभी होते त्याच्या पोटरीत गोळा आलेला, ओठ दाताखाली धरलेला. ती खालून म्हणते, तुले काय कळते वं पाठीचं दुखणं, तुले तं देवानं सोडवलं. मला वाटलं दुसरा पायही हिच्या पाठीवर ठेवावा आणि नाचावं. ठेवला नाही. उलट नंतर तिच्या पाया पडले.

आणि ते पाया पडणंच माझ्या जिवावर येत होतं. पाय फिरवणं कसंतरी निभायचं, पण वाकलं की कंबर अडकायची. मी एक युक्ती काढली होती. चौकट धरायची, गुडघे मोडून खाली सरकायचं, बोटं त्यांच्या पावलाला लावून कपाळाला लावायची आणि चौकटीला धरूनच उठायचं. सासूबाई बघायच्या आणि न बघितल्यासारखं करायच्या.

मग एका वर्षी चैत्र संपता संपता ऊन तापलं आणि नवऱ्याने कूलर काढायला घेतला. वाळ्याच्या, म्हणजे खसच्या, नव्या ताट्या बसवल्या, शेजाऱ्याला हाताशी घेतलं आणि तो लोखंडी डबा स्टँडवर चढवायला गेला. त्याच्या कमरेत कट्कन झालं आणि तो होता तिथेच बसला.

अर्ध्या तासात गल्ली गोळा झाली. कोणी फोटो काढा म्हणालं नाही. नर्व्हस आहे म्हणालं नाही. कामात गुंतवा तर नाहीच नाही. तो दुखते म्हणाला, आणि दुखत होतं. संपलं. सासूबाई पदराने त्याला वारा घालताहेत, शेजारी डोक्याशी बसलाय, कोराडीला रजेचा निरोप गेला. त्याला ताकाचा पेला तोंडाशी धरून पाजत होते, जसं काही कमरेबरोबर हातही गेले. त्याच्या पाठीला तेल कोण चोळणार? मी. माझी बोटं आखडलेली, मनगटातून कोपरापर्यंत कळा जाताहेत, आणि मी चोळते आहे, आणि तो पालथा पडून म्हणतो, जरा जोर लाव ना. मला रडू आलं नाही. संतापाने माझे कान गरम झाले होते.

शेक झाला, तेल झालं, गोळ्या झाल्या, तरी तो उठेना. आता सासूबाईंची पंचाईत झाली. घरात पायाळू सून, सगळ्या नंदनवनची चमक उतरवणारी, आणि पोटचा मुलगा कण्हत पडलेला. लोक काय म्हणतील? पण बायकोने नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे घोर पाप. त्या आणि ती भरलेल्या अंगाची बाई, दोघींनी दुपारभर ओसरीत बसून विचार केला. तोडगा निघाला. मध्ये धोतर टाकायचं. म्हणजे पाय धोतराला लागेल, नवऱ्याला लागणार नाही. आणि उरलंसुरलं पाप जावं म्हणून नंतर मी नीट, पुरतं वाकून, त्याच्या पावलांवर कपाळ टेकायचं. आमच्या घरचा धर्म एका धोतराच्या जाडीचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. मला कोणी विचारलं नाही, फक्त सांगितलं.

रविवार उजाडला. इतरांना आज नंतर या म्हणून सांगितलं होतं, पण ती बाई आली होतीच, तोडग्यात तिचा वाटा होता ना. नवऱ्याला धरून धरून आणलं आणि उंबऱ्याशी पालथं झोपवलं. पाठीवर सासऱ्यांचं जुनं धोतर घडी करून पसरलं. मी चौकटीला हात टेकून डावा पाय उचलला, कमरेपासून मानेपर्यंत नेला, आणि शेवटची लाथ दिली. ती जरा जोरातच बसली असेल. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग मी वाकायला गेले. नेहमीची युक्ती करायची नव्हती, सासूबाई समोर डोळे लावून बसल्या होत्या. अर्धी वाकले आणि कंबर अडकली. खाली जाईना, वर येईना. एक हात चौकटीवर, दुसरा हवेत, मानेपासून टाचेपर्यंत एकच कळ.

"वाक ना वं," सासूबाई म्हणाल्या. "नवऱ्याच्या पाठीवर पाय द्याले चालते, अन् पाया पडाले अंग जड होते?"

ती बाई हसली. मी सासूबाईंकडे मान वळवू शकत नव्हते, म्हणून जमिनीकडे बघूनच बोलले. "मले वाकता येत नाही, आई. किती वर्षं झाली, येतच नाही. सगळं अंग दुखते."

नवऱ्याने मान कलती करून वर बघितलं. मी कशी अडकले आहे ते त्याला खालून सगळं दिसत होतं. माझे पाय थरथरत होते, घाम त्याच्या पाठीवरच्या धोतरावर पडत होता. तो खरोखरच चकित झाला होता, खोटं कशाला सांगू. आणि तो म्हणाला, "तुले इतकं दुखते, तं आधी काहून नाही सांगितलं?"

आधी काहून नाही सांगितलं! त्या क्षणी मला दुखण्याचा विसर पडला, इतका राग आला. कोणीतरी माझी सगळी वर्षं उचलून नालीत फेकली असं वाटलं.

"सांगितलं," मी म्हटलं. "रोज सांगितलं. आता तुमची पाठ दुखून राहिली, म्हणून तुम्हाले ऐकू आलं."

मला सरळ करायला कोणी पुढे आलं नाही. मी चौकटीवर हात वर वर सरकवत स्वतःच उभी झाले आणि आत जाऊन पाणी प्याले.

दुपारी नवरा उठला. चमक तिची ती उतरली असणार, इतके दिवस झाले होते. पण नाव माझ्या पायाचं झालं. सासूबाईंना आनंद आवरेना. ज्या लाथेने खुद्द नवऱ्याला उठवलं तिचा बोलबाला त्या बाईने आठवडाभर घरोघर केला. मी नवऱ्याला एकदाच सांगितलं, स्पष्ट. येत्या रविवारी दाराशी तुम्ही उभे राहा आणि हे बंद झालं म्हणून सांगा. तो म्हणाला, आईला वाईट वाटेल, लोक काय म्हणतील, बघू. मी म्हटलं, तुम्ही नाही सांगितलं तर मी ओट्यावर उभी राहून सांगेन, आणि मग मी फक्त माझंच सांगणार नाही, आईंनी दार लोटून मला काय बजावलं तेही सांगेन.

त्या रविवारी कधी नव्हे इतकी माणसं आली. सासूबाई खुर्ची घेऊन बाहेर निघाल्या तर दारात नवरा उभा. त्याने त्यांना वाट दिली नाही. मी त्याच्या मागे होते. घसा खाकरून तो म्हणाला की आजपासून बंद, तिची तब्येत बरी नसते. त्याचा आवाज इतका बारीक की मागच्यांनी काय म्हणतो, काय म्हणतो करून विचारलं. पुढे तीच बाई होती. तिने त्याच्या खांद्यावरून मला नखशिखांत न्याहाळलं.

"तिले काय झालं? उभी तं आहे," ती म्हणाली.

मी नवऱ्याच्या पाठीकडे बघत होते. तो काय म्हणतो यावर माझं सगळं होतं. तो म्हणाला, "उभी आहे. पण अंग दुखते तिचं. खरंच दुखते."

झालं. एकाने मान हलवली. दुसरी म्हणाली, अगं बाई, कधीपासून? त्या बाईचासुद्धा चेहरा बदलला, बिचारी म्हणाली, नारळ उचलून पिशवीत टाकला आणि निघाली. कोणी फोटो मागितला नाही, कोणी वाद घातला नाही. हळूहळू अंगण रिकामं झालं आणि सासूबाई खुर्ची घेऊन आत गेल्या.

नवरा माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर असं होतं की बघ, झालं ना तुझ्या मनासारखं. झालं होतं. ज्याच्यासाठी इतकी वर्षं तोंड वाजवलं ते वाक्य तो बोलला होता, आणि मी त्याच्या अंगावर धावून जायची बाकी होते. माझ्या तोंडून जे सोंग होतं, ते त्याच्या तोंडून एकदाच निघालं आणि सगळ्यांना खरं वाटलं.